इंजिनाचे जळके ऑइल घरात इंधन म्हणून : गोळा करणे, साठवणे आणि जाळण्याचा प्रश्न

कृष्णाकाठ (धागालेखक)

ऊसतोडीचा हंगाम आटोपला की आमच्या भागात ट्रॅक्टरची दुरुस्ती निघते आणि त्या काही आठवड्यांत गॅरेजमध्येच नव्हे, तर घराच्या अंगणातही इंजिनातले जुने ऑइल काढले जाते. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरमधून एका वेळी सात-आठ लिटर, मोटारीतून तीन-चार लिटर आणि दुचाकीतून लिटरभर असे हे जळके ऑइल निघते. पूर्वी ते बैलगाडीच्या आसाला, वाळवी लागू नये म्हणून चौकटींना किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावले जाई. आता सरपण महाग आणि दुर्मीळ झाल्यामुळे ते आंघोळीच्या पाण्याच्या बंबात आणि परसातल्या चुलीत जाऊ लागले आहे. लाकडाच्या भुशात किंवा भुईमुगाच्या टरफलांत ते कालवायचे आणि त्याचे गोळे बंबात टाकायचे, अशी पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे.

या विषयावर मराठीत नीट लिहिलेले फारसे आढळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. हे ऑइल गोळा करावे आणि काळजीपूर्वक साठवावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते घरात जाळू नये, असेही माझे तितकेच ठाम मत आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र का मांडाव्या लागतात, ते सांगतो.

इंधन म्हणून या ऑइलमध्ये जोर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका लिटरमध्ये साधारण ३७ मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे ढोबळमानाने पाऊण किलोहून थोडा अधिक स्वयंपाकाचा गॅस किंवा सव्वादोन-अडीच किलो कोरडे लाकूड. घरात ट्रॅक्टर असेल आणि शेजारच्या गॅरेजचे ऑइल फुकट मिळत असेल, तर माणसाला मोह होणारच, आणि त्या मोहाला मी दोष देत नाही. प्रश्न इंधनाच्या भागाचा नाही, तर त्या ऑइलमध्ये मिसळलेल्या आणि जळून नाहीशा न होणाऱ्या भागाचा आहे.

नव्या ऑइलमध्येच जस्त, फॉस्फरस आणि कॅल्शियम यांची रसायने घातलेली असतात. झीज कमी व्हावी आणि काजळी ऑइलमध्येच तरंगत राहावी, हे त्यांचे काम. इंजिनात फिरताना त्यात लोखंड, तांबे आणि काही प्रमाणात शिसे हे झिजलेल्या भागांचे धातू येतात. त्याखेरीज अर्धवट जळलेले इंधन, काजळी आणि बहुवलयी हायड्रोकार्बन ही कर्करोगकारक संयुगे साठत जातात. डिझेल इंजिनापेक्षा पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये ही संयुगे साधारणतः जास्त आढळतात. हायड्रोकार्बन पुरेशा उष्णतेत जळू शकतात, पण धातू जळत नाही. तो धुरातून वर जातो किंवा राखेत खाली राहतो. मार्ग एवढे दोनच.

ज्यांना गोळा करण्याचा आणि साठवण्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पान्हा

माझे स्वतःचे गॅरेज आहे, त्यामुळे गोळा करण्याबद्दल लिहितो. ऑइल काढण्याआधी इंजिन थोडे गरम करावे, म्हणजे ते पातळ होऊन तळाचा गाळही सोबत येतो, पण उकळते नसावे, कारण नट सुटल्याबरोबर ते थेट मनगटावर येते. खाली रुंद, कमी उंचीचे घमेले ठेवावे आणि ते केवळ याच कामासाठी राखून ठेवावे. ऑइल फिल्टर लगेच भंगारात टाकू नये. त्याच्या वरच्या भागाला भोक पाडून तो गरम असतानाच उलटा करून रात्रभर निथळत ठेवावा, त्यातूनही बरेच ऑइल मिळते. हातमोजे घालावेत. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षे उघड्या हातांनी काम करणारे कारागीर आहेत, परंतु वापरलेले इंजिन ऑइल दीर्घकाळ त्वचेवर लावल्यावर उंदरांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसलेले आहे, हे मी माझ्याकडच्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. काळा चिंधा खिशात खोचून दिवसभर फिरणे तर मी बंदच केले आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मिसळ होऊ न देणे. रेडिएटरचे कूलंट, ब्रेक ऑइल, थिनर, पेट्रोलने धुतलेल्या भागांचे पाणी, ब्रेक साफ करण्याचे फवारे, हे सारे त्याच पिंपात ओतण्याची सवय फार ठिकाणी आहे. काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावके असतात. त्यातले थोडेसेही पिंपात गेले तर सबंध पिंपाचा दर्जा बिघडतो आणि पुनर्प्रक्रिया करणारा ते घ्यायला नकार देऊ शकतो. कूलंट गेले तर ऑइल दुधाळ तपकिरी होते आणि पाणी काही केल्या वेगळे होत नाही. मी कूलंटसाठी वेगळ्या रंगाचा कॅन ठेवला आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, कारण घाईत असलेला कारागीर वास घेऊन पाहत नाही.

विजेच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले ऑइल कोणी स्वस्तात किंवा फुकट देऊ केले, तर ते अजिबात घेऊ नये. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ऑइलमध्ये पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त संयुगे असू शकतात आणि ती चुलीच्या आचेवर जाळणे अतिशय धोक्याचे आहे.

ओसरी

धाग्याचा हेतू चांगला आहे, पण मला एक शंका आहे. आम्ही लहानपणी रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला, स्टोव्हवर स्वयंपाक केला, आणि रॉकेल हेही खनिज तेलच आहे. जळके ऑइल गाळून घेतले आणि त्यात थोडे रॉकेल किंवा डिझेल मिसळले तर ते स्टोव्हमध्ये का चालू नये? गावाकडे गॅसचे सिलिंडर परवडत नाही म्हणून बाया धुरातच स्वयंपाक करतात, तेव्हा त्यांना केवळ "करू नका" असे सांगणे मला पुरेसे वाटत नाही.

कृष्णाकाठ (धागालेखक)

ओसरीताई, आपली शंका रास्त आहे आणि आपण म्हणता तसे नुसते "करू नका" म्हणून भागत नाही. म्हणून कारण सांगतो.

रॉकेल पातळ असते, वातीतून सहज वर चढते आणि कमी उष्णतेत त्याची वाफ होते. म्हणूनच ते वातीवर आणि पंपाच्या स्टोव्हमध्ये स्वच्छ जळते. इंजिन ऑइल मुळात जळू नये म्हणूनच बनवलेले असते. नव्या ऑइलची वाफ पेट घेण्याइतकी होण्यासाठी साधारण २०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान लागते. वापरलेल्या ऑइलमध्ये पेट्रोल झिरपलेले असेल तर हाच आकडा बराच खाली येतो, आणि तो किती खाली आला आहे हे नुसते पाहून कळत नाही. म्हणजे एका डब्यातले ऑइल काडी लावूनही पेटत नाही आणि दुसऱ्या डब्यातले अचानक भडकते. अशा इंधनाशेजारी घरातल्या बाईने पदर सावरत बसावे, हे मला मान्य होत नाही.

रॉकेल मिसळल्याने ऑइल पातळ होते आणि लवकर पेटते, पण त्यातले धातू आणि राख तशीच राहते. स्टोव्हचे बारीक भोक बुजते, मग ते साफ करायला पिन घालायची, आणि दाब असलेल्या टाकीवर तेच काम रोज करायचे. गाळण्याबद्दलही गैरसमज आहे. फडक्याने किंवा जाळीने लोखंडाचा कीस आणि चिकट गाठी अडतात. जस्त, फॉस्फरस आणि अतिसूक्ष्म धातू ऑइलमध्ये विरघळलेले किंवा तरंगत असतात, ते कोणत्याही कापडाने निघत नाहीत.

आणि पाण्याचा मुद्दा राहिलाच. एका लिटर पाण्याची वाफ झाली की ती सतराशे लिटरच्या आसपास जागा व्यापते. तापलेल्या ऑइलखाली पाण्याचा लहानसा थर असला, तरी ती वाफ वरचे सगळे जळते ऑइल उधळून लावते. जुन्या सिलिंडरचे किंवा पिंपाचे तुकडे जोडून घरी केलेल्या, थेंब थेंब ऑइल सोडणाऱ्या शेगड्यांचा धोका प्रामुख्याने हाच आहे.

हिमरेषा

मी अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. येथे थंडी इतकी असते की गॅरेज आणि यंत्रदुरुस्तीच्या शेडमध्ये वापरलेले इंजिन ऑइल जाळून ऊब घेणे ही कायदेशीर आणि रुळलेली गोष्ट आहे. म्हणून इथली व्यवस्था कशी आहे, ते लिहिणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

येथील केंद्रीय नियमांनुसार असा हीटर चालवणाऱ्याने स्वतःकडे निघालेले किंवा घरच्या घरी गाडीचे ऑइल बदलणाऱ्यांनी आणून दिलेलेच ऑइल जाळायचे असते, हीटरची कमाल क्षमता ताशी ५ लाख बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) इतकीच असावी लागते आणि त्याचा धूर धुराड्यातून इमारतीबाहेरच सोडावा लागतो. यंत्र साधे नसते. ऑइल आधी तापवून पातळ केले जाते, मग दाबाच्या हवेने त्याचा बारीक फवारा केला जातो, आणि ज्वाला एका बंद कक्षात असते. खोलीतली हवा त्या कक्षाच्या बाहेरून तापते, त्यामुळे धूर आणि खोलीतली हवा एकमेकांना भेटत नाहीत. एवढे असूनही कक्षात पांढुरकी-करडी राख साठते, ती वरचेवर मास्क लावून काढावी लागते, आणि वेळेवर काढली नाही तर उष्णता खोलीत न येता धुराड्यातून निघून जाते.

मला येथे एकच गोष्ट अधोरेखित करायची आहे. ही यंत्रे वर्कशॉप आणि शेडसाठी विकली जातात, राहत्या घरासाठी नाहीत. महागडा फवारा, बंद कक्ष आणि उंच धुराडे असलेले यंत्रही जिथे माणसे झोपतात तिथे बसवत नाहीत, मग न्हाणीघरातल्या उघड्या बंबाची गोष्टच वेगळी. ज्यांच्याकडे असा हीटर नाही ते लोक ऑइल कॅनमध्ये भरून मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात नेऊन देतात. अशी अनेक दुकाने ते विनामूल्य स्वीकारतात.

परसबाग

धागा वाचून माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सासरी बंबातली राख कधी वाया जात नाही. तिने भांडी घासली जातात, कडधान्याला कीड लागू नये म्हणून ती लावली जाते आणि उरलेली अळूच्या व केळीच्या बुंध्याशी टाकतात. दीर हल्ली भुशात जळके ऑइल कालवून बंब पेटवतात. धातू राखेत राहतो असे आपण लिहिले आहे. मग या राखेचे काय?

कृष्णाकाठ (धागालेखक)

परसबागताई, या धाग्यात विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ती राख भांड्यांना, धान्याला आणि भाजीच्या वाफ्याला वापरणे आजपासून थांबवावे. लाकडाच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि पोटॅशची क्षारे असतात, म्हणूनच आपल्या आज्या ती निःशंकपणे वापरत आल्या. ऑइल मिसळलेल्या जळणाच्या राखेत जस्त, तांबे आणि शिसे येऊ शकते, आणि बंबात तेच जळण रोज पडल्यावर ते राखेत एकवटत जाते. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाल्यापासून जळक्या ऑइलमधले शिसे पुष्कळ कमी झाले हे खरे, तरी बेअरिंगच्या धातूंतून आणि जुन्या इंजिनांतून ते अजूनही येते. लहान मुलाच्या शरीरात शिसे थोडे गेले तरी त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि घासलेल्या भांड्याच्या काठाला राहिलेली राख मुलाच्या ताटातच जाते. वाफ्यात टाकलेले धातू मातीत साठून राहतात, पावसाने ते सहजासहजी वाहून जात नाहीत.

आधीची राख शिल्लक असेल तर ती झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी. काढताना ती उडू नये म्हणून पाण्याचा हलका शिपका द्यावा आणि नाकातोंडाला कापड बांधावे. कडधान्याला लावली असेल, तर धुऊन वाचवण्याच्या भानगडीत पडू नये, ते खाण्यात आणू नये आणि जनावरांनाही घालू नये. दिरांना राग येईल, पण हा त्यांच्याही मुलांचा प्रश्न आहे.

बंबाबद्दलही एक सांगतो. तांब्याच्या बंबाच्या नळीच्या भिंती पाण्यामुळे थंड राहतात, त्यामुळे ऑइलचा धूर पुरता जळण्याआधीच तिथे विझतो आणि चिकट काजळी धरते. नळी अरुंद झाली की धूर न्हाणीघरात उलटतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि दार लावून आंघोळ करणाऱ्याला गुंगी येईपर्यंत काही समजत नाही.

वर्गवारी

मी औद्योगिक कचऱ्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. घातक व इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या पहिल्या परिशिष्टात वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. गॅरेज, कारखाने आणि मोठे वाहनताफे यांनी ते सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावे, अशी त्यांची रचना आहे. पुनर्प्रक्रियेला योग्य अशा ऑइलसाठी शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत १०० आणि आर्सेनिकची ५ अशी आहे. अमेरिकेत निर्बंधांविना इंधन म्हणून विकता येणाऱ्या वापरलेल्या ऑइलसाठी या दोन धातूंच्या मर्यादा नेमक्या याच आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली आहे, त्यामुळे गोळा केलेल्या स्वच्छ ऑइलला मागणी वाढेल, अशी मला आशा वाटते.

पुनर्प्रक्रियेचे महत्त्व एका हिशोबातून कळेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एक गॅलन वापरलेल्या ऑइलमधून अडीच क्वार्ट (चार क्वार्टचा एक गॅलन), म्हणजे मूळच्या साठ टक्क्यांहून अधिक, पुन्हा वंगण म्हणून वापरण्याजोगे ऑइल मिळते. तेवढेच वंगण कच्च्या खनिज तेलातून काढायचे तर ४२ गॅलन लागतात. ऑइल इंजिनात झिजत नाही, ते घाण होते. घाण काढली की ते पुन्हा कामाला येते. बंबात जाळले तर त्यातून आंघोळीचे पाणी तेवढे तापते.

एक इशाराही देतो. सायकलवरून फिरून जळके ऑइल विकत घेणारे काही जण ते गाळून, रंग देऊन, नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांत भरणाऱ्यांना विकतात. म्हणून ऑइल देताना अधिकृततेचा कागद मागावा, आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे.

पान्हा

साठवणीबद्दल लिहायचे राहिले होते. मी २१० लिटरचे लोखंडी बॅरल वापरतो. घरगुती प्रमाणात घट्ट झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा कॅन पुरेसा आहे. पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची बाटली कधीही वापरू नये, काळ्या द्रवाला लहान मूल फसू शकते. कॅनवर "वापरलेले इंजिन ऑइल" असे ठळक लिहावे. जागा छपराखाली, घराच्या भिंतीपासून, चुलीपासून आणि विहिरीपासून दूर असावी. खाली सिमेंटचा कोबा आणि त्याभोवती चार बोटे उंचीची कड करावी, म्हणजे बॅरल फुटलेच तर ऑइल मातीत जाणार नाही. त्या कडेच्या आत सबंध बॅरलभर ऑइल मावेल इतकी जागा असावी. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या ऑइलवर पाणी ओतू नये.

उघड्यावर उभ्या बॅरलची एक अडचण सहसा लक्षात येत नाही. वरच्या कडेत पावसाचे पाणी साचते. दुपारी बॅरल तापले की आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते, आणि संध्याकाळी सर येऊन ते गार झाले की तेच साचलेले पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट असूनही पावसाळ्याअखेर तळाशी पाणी सापडते ते यामुळे. छप्पर नसेलच तर बॅरल आडवे ठेवून त्याची दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊ या जागी, एका आडव्या रेषेत आणावीत, आणि बॅरल घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उटी लावावी.

पाणी आहे की नाही हे पाहण्याची आमची पद्धत अशी : लोखंडी पट्टी तापवून, ती लाल नव्हे तर पाण्याचा थेंब ताबडतोब उडेल इतकी तापल्यावर, तिच्यावर ऑइलचा एकच थेंब सोडायचा. तडतड आवाज आला तर पाणी आहे. हे मोकळ्या जागेत आणि डोळ्यांना चष्मा लावून करावे.

ओसरी

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. माझी शंका बऱ्याच अंशी फिटली. आमच्याकडे परसात कोणी तरी ठेवून गेलेला एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात वर ऑइल, मध्ये दुधाळ थर आणि खाली पाणी दिसते. ते पाणी काढून टाकून वरचे ऑइल द्यावे का?

कृष्णाकाठ (धागालेखक)

काढू नये. तळाच्या त्या पाण्यातही ऑइल आणि धातू असतात, ते गटारात, शोषखड्ड्यात किंवा बांधावर ओतले तर शेवटी विहिरीकडेच जाते. डबा गंजलेला असेल तर तो जसाच्या तसा एका मोठ्या, न गळणाऱ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवावा, वर झाकण घालावे, आणि "पाणीमिश्रित, स्रोत माहीत नाही" अशी चिठ्ठी लावावी. चांगल्या ऑइलच्या कॅनमध्ये ते मिसळू नये. पान्हा यांच्यासारख्या नियमितपणे अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराला माल देणाऱ्या गॅरेजशी बोलून ठेवावे. पुढच्या वेळी पुनर्प्रक्रियाकाराची गाडी येईल तेव्हा हा डबा वेगळा सांगून द्यावा. असे मिश्रण ते घेतील का, हे आधी फोन करून विचारलेले बरे.

पान्हा

ओसरीताई, आमच्याकडे येणारी गाडी असे मिश्रण वेगळ्या पिंपात घेते, त्याचे पैसे मात्र मिळत नाहीत. डबा हलवताना दोघांनी धरावा, तळ गंजला असेल तर खाली आधी लाकडी फळी सरकवावी, आणि भर उन्हात हलवू नये.